बीपीची गोळी आणि माझ्या हिरड्या

माझ्या तोंडाबद्दल लिहायचं म्हटलं की मला माझीच किळस येते. त्यातून मी डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. पोळीभाजी केंद्रवालीने तर आपल्या हिरड्यांबद्दल अवाक्षर काढू नये. गिऱ्हाईक वाचतं आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या केंद्रासमोर उभं राहतं.

यातला थोडा भाग काही जणांनी फोनवर वाचलाही असेल. खाली फुलं, हात जोडलेले आणि ‘एका भगिनीचा अनुभव’ असं लिहिलेला. तो मजकूर माझा नाही. म्हणजे अनुभव माझा आहे, पण मजकुराची वाट दुसऱ्याने लावली आहे. म्हणून आता सगळं लिहिते, घाणीसकट. ज्याला जेवताना वाचायची सवय आहे त्याने जेवून घ्यावं.

शिबिरात

आमच्या मंडळाने गणपतीच्या मांडवात मोफत आरोग्य तपासणी ठेवली होती. मी तपासायला गेलेच नव्हते. कार्यकर्त्यांसाठी उपम्याचं पातेलं पोचवायला गेले होते. एक तरुण डॉक्टर पट्टा घेऊन रिकामा बसला होता. म्हणाला, “काकू, बसा ना, दोन मिनिटं.” बसले. त्याने पट्टा फुगवला, सोडला, आणि लगेच दुसऱ्या हाताला बांधला.

“काकू, डोकं दुखतं का तुमचं?”

“दुखतं की. कुणाचं नाही दुखत?”

एकशे नव्वद आणि एकशे दहा. त्याने उपमासुद्धा खाल्ला नाही, आधी माझ्या नवऱ्याला फोन लावायला लावला.

मला नवल वाटलं नाही, संताप आला. आमची आई बीपीनेच गेली, आणि तीही चटकन नाही. एक बाजू लुळी होऊन ठाण्याजवळ कोलशेतच्या घरात ती किती तरी काळ पडून होती. आम्ही मूळचे तिथले खाडीवरचे कोळी. माझा मोठा भाऊ, दादा, अजून तिथेच राहतो. आईच्या तोंडातून लाळ गळायची ती मी पुसलेली आहे. तेव्हापासून मला आजारापेक्षा आजाराच्या ओलाव्याची जास्त शिसारी आहे. दादालाही बीपी होतंच, त्याची गोळी आधीपासून चालू होती. आता माझा नंबर लागला.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. भिजलेल्या साबुदाण्याएवढी, पांढरी. म्हणाले, “रक्तवाहिन्या जरा सैल करते, बाकी काही नाही. रोज सकाळी घ्यायची. आता ही कायमची मैत्रीण.” डॉक्टर लोकांना असं काहीतरी गोड बोलायची हौस असते. ही मैत्रीण पुढे काय काय करू शकते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते.

घरी आल्यावर दादाला फोन केला. त्याने नाव वाचून दाखवायला सांगितलं आणि हसला. “आगो बाय, माझी पन तीच गोली! आता आपन सारखे.”

जेवण

मीठ कमी करा म्हणणं सोपं आहे. आमच्या घरात सुकट, वाकटी, खारा बांगडा हे जेवण आहे, चैन नाही. केंद्रात दिवसभर शाकाहारी रांधायचं आणि घरी येऊन वाकटीच्या वासाने जीव शांत करायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तो बंद झाला. अळणी डाळ गिळताना सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “मीठ नाय त जेवतेस कशाला गो? नुसतं पानी पी.”

त्यात सल्ले. केंद्रावर चार पोळ्या घ्यायला येणारा माणूस पाचवा सल्ला फुकट देऊन जातो. कुणी दुधीचा रस सांगितला. तो मी एकदाच प्यायले आणि बेसिन गाठलं. कुणी उपाशीपोटी लसूण सांगितला. “टेन्शन घेऊ नका” हे तर प्रत्येकाने सांगितलं, आणि सांगता सांगता “आज पोळ्या जरा जाड झाल्यात हं” हेही सांगितलं.

पण गोळीला दोष देत नाही. गोळीने काम चोख केलं. डोकं दुखायचं थांबलं. डॉक्टरांनी मध्ये डोस दुप्पट केला आणि आकडा जागेवर आला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी गोळ्या कचऱ्यात टाकेल.

पाय

डोस वाढल्यावर आधी पाय सुजले. संध्याकाळी घोटे दिसेनासे व्हायचे. बोट दाबलं की कणकेत रुतावं तसं रुतायचं आणि खळगा तसाच राहायचा. चप्पल काढली की पट्ट्याचे वळ. मला स्वतःच्या पायांकडे बघवेना. मी साडी खाली ओढून बसायला लागले.

डॉक्टर म्हणाले, “दिवसभर उभं राहायचं काम. होणारच.” पटलं. केंद्रावर येणाऱ्या एका बाई म्हणाल्या, “किडनी तपासा हो, आमच्या दिरांचं असंच सुरू झालं होतं.” त्यांना मी त्या दिवशी सगळ्यात करपलेल्या पोळ्या दिल्या.

तोंड

मग ब्रशवर रक्त यायला लागलं. पुढे दोन दातांच्या मधे हिरडीची बोंडं फुगून वर आली. लालभडक, चकचकीत, ओली. बघता बघता खालचे पुढचे दात अर्धे बुडाले. दात छोटे झाल्यासारखे दिसायला लागले. पोळी चावली की रक्त, पेरू चावला की रक्त, नुसतं जोरात बोललं तरी ओठांवर रक्ताची चव. आणि वास. त्या बोंडांच्या खाली अन्न अडकायचं, कितीही चुळा भरल्या तरी निघायचं नाही. दुपारपर्यंत मला माझ्याच तोंडाचा वास यायचा. उकिरड्याजवळून जाताना आपण पदर नाकाला लावतो. इथे नाक आणि उकिरडा एकाच चेहऱ्यावर.

मी केंद्रात मास्क लावायला लागले. तर गिऱ्हाइकांनी कौतुक केलं. “बघा, किती स्वच्छता पाळतात!” एका गृहस्थांनी तर बायकोला माझा दाखला दिला. मी मास्कच्या आत तोंड मिटून उभी. भाजीची चव घ्यायची असली तर तळहातावर थेंब घेऊन मोरीत जायचे आणि नंतर खळखळून चुळा भरायचे. मीठ-तिखटाचा अंदाज चुकायला लागला. जो हात कधी चुकत नव्हता तो चुकू लागला, याचं मला आजाराइतकंच वाईट वाटलं.

एका रात्री नवऱ्याने उशाशी वेलदोडे ठेवलेले दिसले. दुसऱ्या दिवशी परत. त्याला वाटलं असेल, बोलून दुखावण्यापेक्षा हे बरं. मला ते वेलदोडे त्याच्या डोक्यात मारावेसे वाटले. सरळ म्हण ना, “हेमा, तुझ्या तोंडाला घाण येते.” मलाच येते, तुला का नाही येणार?

मशेरी

आता सासूबाईंचा डबा. सासूबाई मशेरी लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती भुकटी बोटाने हिरड्यांवर घासायची. दिवसातून किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलंय. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं भांडण त्या एकाच गोष्टीवरून. तो भाजताना सुटणारा ठसका, बेसिनमधला काळा ओघळ, दाराच्या कडीला लागलेलं काळं बोट. या घरात मी सगळं सहन केलं, पण मशेरीला कधी माफ केलं नाही.

तर एके दिवशी नवऱ्याने जेवताना भाताकडे बघत विचारलं, “खरं सांग. आईची मशेरी लावतेस का तू? लपूनछपून?”

मला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा इतका राग आला की हातातला घास तसाच राहिला. म्हटलं, “अहो, एवढी वर्षं मी तो डबा चिमट्यानेसुद्धा उचलला नाही.”

“मग कशाने होतंय? कंपनीत एकाचं असंच झालं. तोंडात. तोही नाहीच म्हणत होता.”

तो शब्द त्याने उच्चारला नाही. पण त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात राहायला आला. कॅन्सर. नवरा एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. तिथे येणारे वास त्याला कळतात, पण बायको खरं बोलतेय हे कळत नव्हतं.

माझ्या बाजूने कोण उभं राहिलं? सासूबाई. आतल्या खोलीतून ओरडल्या, “माझ्या डब्याला ती हात नाय लावनार रे, मेली तरी! तुझी बायको हाय, तुला ठावं नाय?”

दुसऱ्या दुपारी त्यांनी मला गॅलरीत उजेडात बसवलं. “आ कर.” मी म्हटलं, “आई, नको.” त्यांनी ऐकलं नाही. पोराला दात येतायत का बघतात तसं त्यांनी बोट घातलं आणि वर-खाली सगळी हिरडी चाचपली. ते बोट, ज्याचा मला आयुष्यभर तिटकारा. मला ओकारी आली नाही. कुणीतरी घाण न मानता माझ्या तोंडाला हात लावला, याचंच रडू आलं. त्या म्हणाल्या, “मऊ हाय गो. आमच्या काकीला झालेला तो कडक दगर होता. हा दगर नाय. पन दाखीव कुनाला तरी.” आणि बोट माझ्याच पदराला पुसलं.

डोंबिवलीतला डेंटिस्ट

तो तरुण होता, दवाखाना एसीचा होता, आणि त्याला घाई होती.

“तंबाखू?”

“नाही.”

“मशेरी?”

“नाही.”

“मूळ गाव कुठलं?”

“कोलशेत. खाडीवरचं.”

“मग असेलच घरात.” असं म्हणून तो सहायिकेकडे बघून हसला. ते हसणं मला अजून आठवतं. “कुठलं औषध चालू आहे?”

“काही नाही.”

हे माझं उत्तर. मी खोटं बोलले नाही. मला खरोखर वाटलं की काही चालू नाही. औषध म्हणजे तापाचं, खोकल्याचं, कोर्स संपला की संपणारं. बीपीची गोळी हे काय औषध आहे? ती चहासारखी आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या फ्रीजवर एक पट्टी असते. कुणी विचारलं, “आजारी आहात का?” तर लोक म्हणतात, “नाही हो, नुसतं बीपी.” हे ‘नुसतं’ आपण सगळे म्हणतो. मीही तसंच समजत होते. फॅमिली डॉक्टरांना हिरड्या दाखवल्या होत्या, तर ज्यांनी गोळी लिहिली त्यांनीच व्हिटॅमिनचं पाकीट दिलं होतं.

या डेंटिस्टने दात साफ केले. नळीतून माझं रक्त आणि थुंकी सुरसुर आवाज करत गेली. महिन्याभरात बोंडं पुन्हा होती तशी. मग तो जरा गंभीर झाला आणि म्हणाला, “ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. तपासायला तुकडा काढावा लागेल.”

ठाणे

दातांच्या हॉस्पिटलइतकी ओंगळ जागा मी पाहिलेली नाही. दोष कुणाचा नाही, काम तसं आहे. ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी थुंकायचं भांडं, प्रत्येक भांड्यात मागच्याचं काहीतरी. बाकावर माझ्या शेजारी एक माणूस गालाला रुमाल लावून बसला होता, आणि रुमाल भिजत होता. मी सरकून बसले. मग मनात आलं, माझ्या पलीकडची बाईही माझ्यापासून सरकलीच आहे की.

नवरा सोबत होता. तो भिंतीवरची चित्रं बघत होता. जबड्यांची, गाठींची. मी म्हटलं, “अहो, खाली बघा.” तर तो खाली बघून बसला.

आतल्या डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आरसा घालून सगळं पाहिलं. तंबाखूचं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि हसणं येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. “बरं,” म्हणाल्या. “आता असं करा. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं ते सांगा. सगळं. अगदी फालतू वाटलं तरी.”

मी सांगायला लागले. ब्रश. कोमट पाणी. बीपीची गोळी. चहा, अर्धी बशी. मग केंद्रात गेले की—

“थांबा. कुठली गोळी?”

पट्टी पर्समध्येच होती. त्यांनी ती उलटी करून नाव वाचलं आणि डोस विचारला. मग माझी साडी जरा वर करायला सांगून घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला. त्या खळग्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते समाधान होतं.

“या जातीच्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. पायही सुजतात. बहुतेक तेच आहे.”

नवरा उभा राहिला. “म्हणजे ते नाही?”

“बहुतेक, म्हटलं मी. तुकडा काढायचाच. अंदाजावर मी कुणाला घरी पाठवत नाही. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बीपी उसळलं तर हिरड्यांकडे बघायला तुम्ही उरणार नाही.”

अंदाजाचं आणि गोळी बंद न करायचं, ही दोन वाक्यं मी जशीच्या तशी लक्षात ठेवली. पुढे लिहिली तेव्हा जशीच्या तशी लिहिली.

तुकडा काढला. इंजेक्शनचं कडू पाणी घशात उतरलं, कात्रीचा आवाज कवटीत घुमला, आणि माझ्या तोंडाचा एक लाल कण बाटलीतल्या पाण्यात तरंगायला लागला. त्यांनी मला दाखवला. कशाला दाखवतात कोण जाणे.

वाट बघताना

रिपोर्ट यायला वेळ होता. या दिवसांबद्दल लोक ‘देवावर भरवसा ठेवला’ वगैरे लिहितात. मी ठेवला नाही. मी चिडचिड केली. पोळ्या लाटणाऱ्या बायकांवर खेकसले, गॅसवाल्याशी भांडले. ‘बहुतेक’ या शब्दाला मी त्या दिवसांत इतक्या बाजूंनी उलटंपालटं केलं की तो शब्द मला आता ऐकवत नाही. रात्री आईचं ओलं तोंड आठवायचं. मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की माझं तोंड कुणाला तरी पुसावं लागेल.

नवरा सकाळी उठून माझ्यासाठी तांदळाची पेज करायचा. त्याला मीठ घालायचं नाही हे कळत होतं, पेज ढवळायची हे कळत नव्हतं. गुठळ्यांची पेज मी बिनबोभाट गिळली. वेलदोडे बंद झाले होते. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मी मशेरीचं बोलायला नको होतं.” मी म्हटलं, “नकोच होतं.” तेवढ्यावर आम्ही तो विषय संपवला.

दादा कोलशेतहून ओले बोंबील घेऊन आला. “चावाला नको. नुसते जिभेवर ठेव.” वहिनीने डब्यात कालवण करून दिलं होतं, मीठ बेताचं. बोंबील खरंच जिभेवर विरघळला. कित्येक आठवड्यांत मी पहिल्यांदा घाण न वाटता जेवले. दादा समोर बसून बघत होता. स्वतः काही खाल्लं नाही, गालात तंबाखूची गोळी धरून नुसता चहा प्यायला. मी म्हटलं, “थुंकून ये आधी. माझं बघून तरी सोड.” तो म्हणाला, “तुझं त गोलीनं झालंय ना बाय? तंबाखूनं नाय ना?” आणि आम्ही दोघं हसलो.

रिपोर्ट स्वच्छ आला. नुसती वाढलेली हिरडी, दुसरं काही नाही. डॉक्टर बाईंनी चिठ्ठी दिली ती घेऊन मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा सरकवला आणि म्हणाले, “होतं असं क्वचित.” क्वचित! मी म्हटलं, “डॉक्टर, ते क्वचित माझ्या तोंडात होतं.” त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली. आकडा नीट बसेपर्यंत काही खेपा घालाव्या लागल्या. ठाण्याला उरलेली बोंडं कापून काढली, पुन्हा तीच कात्री, तोच आवाज, ट्रेमध्ये कापसावर माझे तुकडे. पाय आधी उतरले, मग तोंड. दात पुन्हा मोठे दिसायला लागले.

फुलं आणि हात जोडलेले

मी बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. चांगलं लांबलचक. बायका विचारत होत्या, म्हटलं एकदाच सांगून टाकावं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. दुसऱ्याचं लिखाण सुधारणं हा त्यांचा संध्याकाळचा व्यायाम. त्यांनी फोन करून सांगितलं, “वहिनी, फार मोठं झालंय, आणि ते तुकडा, रक्त वगैरे लोकांना जेवताना नको वाटतं. मी जरा सुटसुटीत करतो.” मी हो-ना म्हणायच्या आत त्यांनी ते करून पुढे पाठवलंही होतं.

सुटसुटीत झालेलं असं होतं: ‘हिरड्या सुजल्या? तोंडात जखम? घाबरू नका! कॅन्सर नाही, बीपीच्या गोळीचा परिणाम! गोळी बदला, आठ दिवसांत आराम! एका भगिनीचा अनुभव.’ आणि खाली गुलाब, हात जोडलेले.

जखम हा शब्द मी लिहिलाच नव्हता. आठ दिवस कुठून आले, मला ठाऊक नाही. तुकडा गेला. ‘अंदाजावर’ गेलं. ‘आपल्या मनाने बंद करायची नाही’ हेही गेलं. मी त्यांच्याशी भांडले, तर म्हणाले, “आशय तोच आहे ना?” मी माझा मूळ मजकूर पुन्हा टाकला. तो कुणी पुढे पाठवला नाही. गुलाबवाला ठाण्याहून कल्याणला जाऊन पुन्हा माझ्याच जावेकडून मला आला.

केंद्रावर लोक काउंटरवर वाकून तोंड उघडायला लागले. “बघा हो ताई, गोळीचंच वाटतं का?” समोर बटाट्याची भाजी उघडी, वर यांचे आ वासलेले जबडे. मी झाकण ठेवायचे आणि म्हणायचे, “मला नका दाखवू. डॉक्टरला दाखवा.” काही जण नाराज झाले. मदत करत नाही म्हणाले.

कोलशेत

वहिनीचा फोन दुपारी आला, पोळ्यांच्या ऐन गर्दीत. “ताई, तुमी येऊन जा. हे जेवत नाय. आनी बीपीची गोली पन बंद केलीय.”

“बंद? कुणी सांगितलं?”

“तुमीच लिवलंय ना. ग्रुपवर आलाय, सगल्यांनी वाचलाय.”

मी ऍप्रन तसाच टेबलावर टाकला. ठाणे स्टेशनवरून बस पकडली. वाटेवर सगळे टॉवर, काचेचे, त्यांच्या मधून आमच्या गावाकडे उतरणारी तीच बोळकंडी. घरात दादा खाटेवर बसला होता. चेहरा लाल, डोळे तांबारलेले. पुढ्यात भाताची पेज, गार झालेली. मला बघून हसायला गेला आणि एका बाजूनेच हसला.

“कशाला आलीस बाय? काय नाय. तुझंच झालंय मला. गोली बंद केली, आता उतरंल.”

“कधी बंद केलीस?”

“झाले दिवस. तोंडात सूज हाय ती तवापासनं कमी वाटतेय.”

“आ कर.”

“राहू दे. घान हाय.”

“दादा, आ कर.”

तो तोंड पुरतं उघडूच शकला नाही. मी फोनचा उजेड पाडला आणि खाली वाकले. वास आला, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्या हिरड्या मी आरशात रोज बघितल्या होत्या, त्यांचा रंग, त्यांचा ओलेपणा मला पाठ होता. दादाच्या हिरड्या नीट होत्या. गाल आतून फुटला होता. तो जिथे तंबाखू धरतो तिथेच, पांढरट, मधोमध खोल, कडा वर आलेल्या. मी बोट लावलं. दगड होता. मला किळस आली, आणि किळस आल्याची इतकी लाज वाटली की मी बोट काढलं नाही, तिथेच धरून ठेवलं.

मी पुन्हा उभी राहिले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी खाडीत पाय घालण्याआधी मी त्याच्याकडे बघायचे, खोल आहे का ते सांगेल म्हणून. आता तो तसा बघत होता.

“गोलीचंच ना गो?”

‘बहुतेक’ म्हणायला माझी जीभ वळली होती. मी ती आवरली.

“नाही दादा. हे गोळीचं नाही.”

वहिनीने दाराला धरलं. त्याने पुढ्यातली गार पेज बाजूला सारली. मग विचारलं, “मग गोली परत चालू करू?”

“हो,” मी म्हटलं. “आत्ता घे, माझ्यासमोर. आणि शर्ट घाल. आपण ठाण्याला निघतोय.”